उस्तादांना वाचून दाखवायच्या गोष्टी

माझ्या नावावर विज्ञानकथांची चार पुस्तकं आहेत. त्यांतली एकही कथा मला एकट्याला सुचलेली नाही. हे मी दोन-तीन कार्यक्रमांत सांगून पाहिलं, पण लोकांना तो लेखकाचा विनय वाटतो. टाळ्या पडतात आणि पुढचा प्रश्न येतो. त्यामुळे जे झालं ते आता लिहूनच ठेवतो.

मी वीज खात्यात कारकून होतो. नोकरी लागल्यावर पहिली चार वर्षं मालेगावला काढली. तिथे एकदा साधारण पस्तिशीचा एक माणूस कापडाचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. यंत्रमाग दुरुस्त करणारा मिस्त्री. गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, पुढे मीही तेच म्हणायला लागलो. त्यांची तक्रार अशी होती की संध्याकाळी त्यांच्या भागात विजेचा दाब कमी होतो. आमचे साहेब म्हणत होते, होत नाही. उस्तादांनी तो तुकडा माझ्या रजिस्टरवर पसरला.

"ये देखो मुन्शीजी. इधर तक ठीक है. इधर से बुनाई ढीली. ये कल शाम सात बजे का कपड़ा है. लाइट कम हुई, लूम सुस्त हुआ. तुम्हारे साहब का कागज झूठ बोलेगा, कपड़ा नहीं बोलेगा."

मी बोट फिरवून पाहिलं. खरंच, एका जागी कापड हाताला वेगळं लागत होतं.

तेव्हाही मी कथा लिहायचो. चंद्रावरची माणसं, काचेची शहरं, नायकाचं नाव इंग्रजी. सगळ्या 'साभार परत' यायच्या. त्या आठवड्यात मी एका शहराची कथा लिहिली. तिथल्या कापडात त्या त्या दिवशी घडलेलं सगळं विणलं जातं आणि एक तपासनीस कापड वाचून गुन्हा शोधून काढतो. कथा झाल्यावर मला भीती वाटली की मागातलं आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून कागद घेऊन मी उस्तादांच्या शेडवर गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद पाहिले आणि परत दिले.

"मेरेको उर्दू आती. सातवीं तक पढ़ा. ये तुम पढ़ के सुनाओ."

मी वाचलं. शेडच्या दोन्ही बाजूंना माग चालू होते, त्यामुळे ओरडूनच वाचावं लागलं. उस्ताद डोळे मिटून बसले होते. मराठी त्यांना सगळं कळायचं, बोलायचे मात्र ते आपल्या मालेगावी हिंदीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक जगह झूठ है. तुम बोले, कपड़े में रस्ते की आवाज भी आती. कैसे आएगी?"

मी ओशाळलो. मग तेच म्हणाले, "लेकिन आ सकती है. हायवे से भारी गाड़ी गई तो जमीन हिलती है. जमीन हिली तो धागा हिलेगा. आवाज मत लिखो, हिलना लिखो."

मी आवाज खोडून हलणं लिहिलं. ती माझी छापून आलेली पहिली कथा.

पुढे माझी नाशिकला बदली झाली, लग्न झालं, सिडकोत घर झालं, पण हा प्रकार सुटला नाही. तीस वर्षं माझी लिहिण्याची पद्धत एकच होती. पहाटे पाचला उठायचं. बायकोला जाग येईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलीने लिहायचं, खात्यातून रद्द झालेल्या छापील फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर. जिथे अडेल तिथे समासात चौकोन काढून 'उ. ला विचार' असं लिहायचं आणि पुढे जायचं. एका कथेत असे वीस-पंचवीस चौकोन व्हायचे. मग एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी द्वारका चौकात साडेसहाची बस धरायची. पिशवीत कागद, वर चिवड्याचा पुडा, दिवस असतील तर द्राक्षं. चांदवड येईपर्यंत झोपायचं, तिथून पुढे मनातल्या मनात प्रश्न लावून घ्यायचे.

मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारची आणि मला रविवारची. त्यामुळे आमचं सगळं बोलणं मागांच्या खडखडाटातच झालं. सोमवारी माझा घसा बसलेला असायचा. कचेरीत समजूत होती की मी रविवारी कुठल्या तरी भजनी मंडळात जातो. मी ती कधी खोडली नाही. विज्ञानकथा समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

उस्तादांनी मला कधी कथानक दिलं नाही. ते फक्त विचारायचे. मी हवेत तरंगणारं शहर आणलं की म्हणायचे, "बिगड़ा तो सुधारेगा कौन?" मी माणसाच्या आठवणी साठवणारं यंत्र आणलं की म्हणायचे, "इसमें तेल किधर डालते?" मला हसू यायचं, पण बसमध्ये परतताना लक्षात यायचं की तेल कुठे घालायचं हे ठरल्याशिवाय ती कथा उभीच राहणार नाही. माझ्या प्रत्येक कथेत एक दुरुस्ती करणारा माणूस असतो. एका समीक्षकाने त्याला माझी 'श्रमनिष्ठ दृष्टी' म्हटलं होतं. ते कात्रण मी उस्तादांना वाचून दाखवलं. त्यांनी 'श्रमनिष्ठ'चा अर्थ विचारला आणि भाभींना हाक मारून सांगितलं, "सुन, मुन्शीजी को अखबार ने हम्माल बोला." भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पडद्याआडून खूप हसल्या.

पुस्तकावर त्यांचं नाव घालायचं मी दोनदा काढलं. "नाम से लोग मेरे पास मशीन लाते," ते म्हणाले. "कल को किताब ले के आए तो मैं क्या करूँ?" मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. आग्रह करायला हवा होता. आतून मला ते सोयीचंच वाटलं होतं, हे आज कबूल करतो.

निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना मी एक मोठी गोष्ट हातात घेतली. उन्हं माणसाला सोसेनाशी झाली आहेत. नाशिकपासून मालेगावपर्यंत सगळ्या हायवेवर एकच एक प्रचंड कापड ताणलेलं आहे. मालेगावचे माग ते अखंड विणताहेत आणि त्या सावलीत दोन्ही गावांची माणसं राहताहेत. एक दिवस ते कापड उसवायला लागतं. कुठून, ते कुणालाच कळत नाही. एवढं मला ठाऊक होतं. उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. असं ते फार क्वचित करायचे.

"कहाँ से उधड़ा, मेरेको मालूम है," ते म्हणाले. "पहले तुम कहानी उधर तक लाओ. फिर बताता."

मी हरखून गेलो. दोन वर्षांत दीडशे पानं लिहिली. एकेक प्रकरण नेऊन वाचायचो. या काळात उस्ताद "क्या?" जास्त वेळा म्हणायला लागले होते. "जोर से पढ़ो." मी आवाज चढवायचो. मला वाटायचं, शेजाऱ्याने माग वाढवलेत. ते डोळे मिटून ऐकेनासे झाले, माझ्या तोंडाकडे बघत बसायला लागले, तेही मला दिसत होतं. मी समजलो, गोष्ट रंगत चाललीय.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच मी मुद्दाम शुक्रवारी गेलो. गल्ली शांत होती. कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा ऐकू आली. तीस वर्षांत पहिल्यांदा आपण शांतपणे बोलणार, म्हणून मला फार बरं वाटत होतं. नमाज आटोपून उस्ताद आले, नवा पांढरा सदरा घातलेला, खुर्चीत टेकले, आणि फार दिवसांनी त्यांनी डोळे मिटले. मी साध्या आवाजात वाचायला लागलो. उसवण्याच्या आधीचं प्रकरण होतं. चार पानं वाचली. मला ती चांगली साधलीत असं वाटत होतं.

उस्तादांनी डोळे उघडले. "शुरू करो ना," ते म्हणाले.

पानं पुन्हा पहिल्यावर आणली आणि ओरडून वाचायला लागलो. भाभी पडदा सारून दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला वाटतं, मी येणं बंद करीन या भीतीने उस्तादांनी त्यांना सांगू दिलं नव्हतं.

मी त्यांना नाशिकला आणलं. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "चाळीस वर्षं मागांमध्ये काम केलंय ना, आतली नसच गेलीय. मशीन लावू, पण मशीन आवाज मोठा करतं, स्पष्ट करत नाही." ते मशीन उस्तादांनी दहा दिवस लावलं, मग काढून डबीत ठेवलं. "लूम की आवाज बढ़ गई," ते म्हणाले, "आदमी की नहीं बढ़ी."

मागावरच्या सगळ्या लोकांना ओठ वाचता येतात, खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. मला त्याची आशा वाटली. माझ्या मिशा दाट होत्या, त्या मी काढून टाकल्या. बायको हातातली कणीक तशीच ठेवून बघत राहिली. "अहो, हे काय केलंत?" मी कारण सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "आधीच का नाही काढल्यात मग." उस्ताद मला बघितल्यावर पोट धरून हसले. ओठांवरून त्यांना माझं बरंच कळायलाही लागलं. चहा घेतला का, बस उशिरा आली का, घरी कसे आहेत. पण गोष्टीतलं काही कळेना. माझ्या गोष्टींत जगात नसलेल्या वस्तू असतात. जो शब्द कधी ऐकलेलाच नाही, तो ओठांवर कसा ओळखणार? एका वाक्यासाठी मी दहा वेळा तोंड वाकडं करायचो. दोघेही दमून जायचो.

माझ्या मुलीने फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली. मराठीत लिहायचं, खाली उर्दू येतं. मी 'सावलीचं कापड फाटलं' असं लिहून फोन पुढे केला. उस्तादांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इसमें लिखा है, भूत का कपड़ा फट गया. कौन सा भूत?" फोनने सावलीचा 'साया' केला होता, आणि उर्दूत साया म्हणजे भूतबाधाही. भूत नाही, हे सांगायलाही पुन्हा फोनच लागत होता. त्यांच्या सुनेला शाळेतलं मराठी येत होतं. तिने दोन रविवार मध्ये बसून पाहिलं. मी पाच मिनिटं सांगायचो आणि ती पाटीवर एक ओळ लिहायची. भाभींनी वाचून सांगितलं तेव्हा समजलं की तिने लिहिलं होतं, 'मुन्शी चाचा पूछते हैं, फिर क्या हुआ.' तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी विचारत तेच होतो.

मग मी उर्दू शिकायचं ठरवलं. वय अठ्ठावन्न. जुन्या नाशकात एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस जायला लागलो. त्या फार चिकाटीच्या होत्या आणि मी फार मठ्ठ. उजवीकडून डावीकडे हात वळेना. दोन अक्षरांत फरक एका टिंबाचा, आणि माझी टिंबं कुठेही पडायची. पहाटेचा लिहिण्याचा वेळ मी पूर्ण उर्दूच्या पाट्या घोटण्यात घालवला. गोष्ट तशीच पडून राहिली. दिवाळी अंकाच्या संपादकांना दीडशे पानं वाचायला दिली होती, ते दर महिन्याला फोन करून शेवटाची चौकशी करायचे.

आठ महिन्यांनी मी एका कागदावर उर्दूत एक वाक्य लिहिलं, 'उस्ताद, कपड़ा कहाँ से उधड़ा?' आणि मालेगावला नेलं. त्यांनी कागद लांब धरून वाचला. खिशातून पेन्सिल काढली, माझं 'उधड़ा' दुरुस्त केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता झालं.

ते उठले. मला हाताला धरून शेडमध्ये नेलं आणि एक माग चालू केला, कारण दाखवल्याशिवाय त्यांना सांगता येत नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून फोन शर्टाच्या खिशात टाकला. तासभर ते सांगत होते. मागाच्या या टोकाला जायचे, त्या टोकाला जायचे, खाली वाकायचे, धागा बोटात धरून वर उचलायचे. मी मान हलवत होतो. पूर्वी अशा वेळी मी दर दोन वाक्यांना अडवायचो. थांबा, हे कशाला? आधी काय होतं? मग? त्या अडवण्यातूनच मला समजायचं. आता अडवायचं तर कागद घ्यायचा, दहा मिनिटं एक ओळ जुळवायची, तोवर ते मागाच्या पलीकडे गेलेले असायचे. मी मनाशी म्हटलं, राहू दे, रेकॉर्डिंग आहे.

घरी येऊन ते ऐकलं. मागाचा आवाज, आणि त्यातून उस्तादांचा आवाज: "ये इधर से गया. तो ये वाला छूटा. देखा? अब ये इसको खींचेगा. इधर. ऐसे." तासभर तेच. सगळी उत्तरं बोटाने दाखवलेली होती आणि बोट रेकॉर्डिंगमध्ये आलं नव्हतं. किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. बायकोलाही ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही समोर होतात ना? तुम्ही काय पाहिलंत?" मी माग पाहिला होता. त्यांचा आनंद पाहिला होता. मुद्दा पाहिला नव्हता.

पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा दाखवलं, पण या वेळी दुसऱ्याच टोकापासून. मी फोनवर चित्रण केलं. हात दिसले, पण हात जे दाखवत होते ते शंभर किलोमीटरच्या कापडावर कसं लावायचं, ते मला उमगेना. तिसऱ्यांदा कागद पुढे केला तेव्हा ते थोडे चिडले. "दो बार बताया, मुन्शीजी. तुम सुनते नहीं क्या?" आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी स्वतःचेच कान पकडले. मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

शेवट मी माझा लिहिला. एका मुलीला आभाळ बघायचं असतं, म्हणून ती धागा ओढते, असा. तीन पहाटांत झाला. इतका सहज झाला की मलाच त्याची शंका आली. अंकाला पाठवण्याआधी मी त्याचा दीड पानाचा सारांश उर्दूत लिहिला. त्याला अकरा दिवस लागले. शिक्षिकाबाईंनी चुका काढून दिल्या. उस्तादांनी तो दोनदा वाचला. घडी केली, पुन्हा उघडली.

"अच्छा लिखा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मशीन किधर गई?"

मी कागदावर लिहिलं, 'नहीं आई.' त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. भाभींनी शीरखुर्मा आणून ठेवला, तो आम्ही खाल्ला.

गोष्ट छापून आली. माझ्या इतर कुठल्याही गोष्टीला आला नव्हता एवढा प्रतिसाद आला. कळवणच्या एका कॉलेजातल्या मुलीने फोन केला. "सर, शेवट वाचून मी रडले. तो शेवट तुम्हाला कसा सुचला?" मी म्हणालो, "असाच." आणखी काय सांगणार? ज्यांनी ज्यांनी फोन केला, त्यांना शेवटच आवडला होता. अंक घेऊन मी मालेगावला गेलो. उस्तादांनी पानं उलटली, चित्रकाराने काढलेल्या कापडावर बोट ठेवलं आणि मिस्कील हसले. "इसने बुनाई उलटी निकाली." बाकी त्या पानांवर काय आहे, ते त्यांना कधीच कळणार नाही.

त्यानंतर मी नवीन काही लिहिलेलं नाही. पहाटे जाग येते. टेबलाशी बसतो. अर्ध्या पानानंतर यंत्र येतं आणि मी थांबतो. बायको म्हणते, यंत्राशिवायचं लिहा काहीतरी, माणसांचं लिहा. तेही करून पाहतो आहे.

महिन्यातून एकदा अजून जातो, आता शुक्रवारीच. उस्ताद पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. स्वतःचं बोलणंही त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे मध्येच आवाज एकदम मोठा होतो आणि भाभी हात हलवून तो कमी करायला सांगतात. गेल्या वेळी ते कुठल्यातरी नव्या यंत्राबद्दल सांगत होते. पाणी आणि मीठ एवढं मला कळलं. मी सवयीने मान हलवत होतो. ते बोलता बोलता थांबले.

"समझे नहीं ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगतात तसं. मी त्यांच्या हातांकडे नीट बघत होतो. पाचच्या बसची वेळ झाली म्हणून भाभींनी दारातून घड्याळ दाखवलं. उस्ताद सांगतच होते. पुढची बस तासाभराने होती. मी पिशवी परत खाली ठेवली.